मानसशास्त्राचा तास

वकिलाने शाळेत शिकवू नये, असा आमच्या व्यवसायात एक अलिखित समज आहे. त्याला कारणही तसेच आहे. ज्याचे उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधी विचारू नये, हे प्रत्येक नवशिक्या वकिलाला कुणीतरी ज्येष्ठ पहिल्या वर्षीच बजावून सांगतो, आणि पुढे वीस वर्षे तो तेच करीत राहतो. शिक्षकाचा धंदा याच्या अगदी उलट. वर्गातले उत्तम प्रश्न तेच, ज्यांचे उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. असे असूनही गेली तीन वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस देपालपूरच्या एका विद्यालयात अकरावीच्या मुलामुलींना मानसशास्त्राची तोंडओळख करून देत आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असा या मासिकाच्या संपादकांचा आग्रह आहे.

देपालपूर हे इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे तहसिलीचे गाव. परमार राजा देवपाल याच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले असे सांगतात. राजा भोजाचा एक ताम्रपटही येथे सापडलेला आहे. काळी जमीन, सोयाबीन, गहू, हरभरा. गावात चोवीस अवतारांचे मंदिर. थोड्या अंतरावर बनेडियाचा तलाव व तेथील जैन क्षेत्र. माझे आजोबा होळकर संस्थानच्या चाकरीत इंदुरास आले, तेव्हापासून आमचे घर कोकणीत बोलते, मराठीत वाचते आणि हिंदीत भांडते. देपालपूरच्या न्यायालयात माझी बहुतेक कामे बांधाबंदिस्तीची आणि मारामारीची. पैकी मारामारी ही बहुधा बांधावरूनच झालेली असते, हे वेगळे सांगायला नको.

विद्यालयाला मानसशास्त्राचा अध्यापक मिळत नव्हता. बी. ए. ला माझा तो विषय होता, हे मुख्याध्यापकांना कुठूनसे कळले. ‘पुस्तक आहे, मुले आहेत, फक्त माणूस नाही,’ असे ते म्हणाले. आणि एवढ्या नेमक्या युक्तिवादाला प्रत्युत्तर देण्याचे माझ्या अंगी बळ नव्हते.

पहिली अडचण भाषेची. पुस्तक हिंदी, मुलांची बोली माळवी, आणि माझ्या मनातले शास्त्र मराठी. मराठीत आपण ज्याला अध्ययन म्हणतो त्याला हिंदी पाठ्यपुस्तक ‘अधिगम’ म्हणते. भावनेला तेथे ‘संवेग’ असे भारदस्त नाव आहे. आणि ‘शिक्षा’ या शब्दाचे तर काय सांगावे! हिंदीत जे शिक्षण तेच मराठीत शासन. बक्षीस आणि दंड यांनी वर्तन कसे घडते हा पाठ शिकवताना माझ्या जिभेवर हा शब्द आला की मुले चमकून पाहत. एका मुलीने, दोन्ही भाषांत अर्थ एकच असल्याचा अनुभव आपणास असल्याचे सांगितले, तेव्हा वर्ग प्रथमच मोकळेपणाने हसला.

‘संवेग’ म्हणजे काय, हे पुस्तकातील व्याख्येवरून कुणालाच कळेना. मग मी विचारले, की भीती वाटते तेव्हा घरी तुम्ही काय म्हणता? ‘जी घबराता है,’ असे उत्तर आले. हा जो ‘जी’ तोच आपला जीव. मराठीत जीव खालीवर होतो, जीव तुटतो, जीव लागतो, जीव थाऱ्यावर राहत नाही; माझ्या आईच्या कोकणीतही जिवाची हीच धावपळ. मन आणि देह यांत फळी घालून दोन खोल्या करण्याची घाई आपल्या बोलींनी केलेली नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले, की आधी भीती आणि मग छातीत धडधड असा क्रम नसून, देहात जे घडते त्याची जाणीव म्हणजेच भीती. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते जसेच्या तसे आज कुणी मानीत नाही. तथापि माळव्यातल्या मुलांना ते ऐकून यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. जी घाबरतो तो पोटातच, असे त्यांचे मत पडले.

आमच्या समाजातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले होते, की मुलांना मनाचे श्लोक पाठ असताना ही पाश्चात्त्य विद्या कशाला? प्रश्न रास्त आहे. समर्थांचे दोनशे पाच श्लोक मीही पाठ केलेले आहेत, आणि मनाला समजावण्याची ती रीत आजही मला मोठी वाटते. पण त्यांत मनाला काय करावे ते सांगितलेले आहे. मन प्रत्यक्षात काय करते याची मोजदाद हे निराळे काम आहे. जर्मनीतील लाइप्झिग येथे विल्हेल्म वुंट याने १८७९ साली प्रयोगशाळा उघडली ती या मोजदादीसाठी. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख झाले. सेनगुप्त हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्यापाशी शिकून आलेले. या म्युन्स्टरबर्गसाहेबांचे आम्हां वकिलांशी जुने वैर आहे. साक्षीदाराच्या स्मृतीवर न्यायालये भाबडेपणाने विसंबतात, असे सांगणारे एक पुस्तक त्यांनी १९०८ साली लिहिले. त्यावर विगमोर या पुराव्याच्या कायद्यावरील प्रख्यात पंडिताने दुसऱ्याच वर्षी एक कल्पित खटला रचून त्यांना आरोपीच्या जागी उभे केले आणि त्यांची यथेच्छ उलटतपासणी घेतली. विगमोरची बाजू मला महाविद्यालयात असताना पटली होती. आता दोन्ही पक्षांची वकीलपत्रे माझ्याच खिशात आहेत.

स्मृतीचा पाठ आला तेव्हा मी वर्गात एक लहानसे नाटक केले. ही युक्ती माझी नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने आपल्या वर्गात दोन विद्यार्थ्यांचे भांडण घडवून आणले, त्यात पिस्तूलही निघाले, आणि मग पाहणाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. मला पिस्तूल परवडणारे नव्हते. विद्यालयातील लिपिकांना मी विनंती केली. ते तास चालू असताना आत आले, हजेरीपत्रकावरून माझ्याशी दोन शब्द बोलले, पत्रक टेबलावर टाकले, पुन्हा उचलले आणि निघून गेले. सारा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. मग मी मुलांना कागद दिले. निम्म्या कागदांवर प्रश्न होता, ‘लिपिकांनी हजेरीपत्रक ठेवले तेव्हा ते किती रागावलेले दिसले?’ उरलेल्यांवर ‘ठेवले’च्या जागी ‘आपटले’. शेवटचा प्रश्न सर्वांना सारखा: ‘टेबलावरचा चहाचा पेला सांडला काय?’

टेबलावर पेला नव्हताच. तरी काहींना तो सांडलेला आठवला, आणि ज्यांच्या कागदावर ‘आपटले’ होते त्यांच्यात अशांची संख्या अधिक निघाली. एका मुलाने तर चहा हजेरीपत्रकावर पडून नावे पुसली गेल्याचे लिहिले. तो मुलगा खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हे. त्याने डाग पाहिला होता, असे तो दुसऱ्या दिवशीही शपथेवर सांगायला तयार होता.

या प्रयोगाचे मूळ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या संशोधनात आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखवला आणि वेग विचारला. ‘मोटारी एकमेकींना लागल्या’ असे सौम्य शब्दांत विचारले तेव्हा सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल आले. ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा ४०.८. आठवडाभराने दुसऱ्या एका गटाला विचारले, की फुटलेली काच दिसली काय? चित्रपटात काच फुटलेली नव्हती. ‘चुराडा’ ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळांना ती दिसली होती. साधे ‘धडकल्या’ ऐकलेल्या पन्नासांपैकी सातांना, आणि ज्यांना वेगाविषयी काहीच विचारले नव्हते अशा पन्नासांपैकी सहांना.

वर्गातून निघालो तो थेट न्यायालयात गेलो. त्या दिवशी माझ्यासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक वृद्ध शेतकरी होता. सूचक प्रश्नांविषयीचा आमचा नियम मोठा ऐटदार आहे. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, ज्याच्यात उत्तर दडलेले आहे असा प्रश्न विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही. उलटतपासणीत मात्र खुशाल विचारावा. १८७२ च्या पुरावा अधिनियमात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. यामागची समजूत अशी, की माणूस मित्राच्या सूचनेला बळी पडतो, शत्रूच्या सूचनेला पडत नाही. उलट तो सावध होतो. कित्येकदा हे खरेही ठरते. पण जो शेतकरी माझ्यासमोर हात जोडून उभा होता, ज्याला इंग्रजी मिश्रित हिंदी पुरती कळत नव्हती, आणि काळा कोट पाहून ज्याच्या आवाजाचा थरकाप झाला होता, त्याच्या दृष्टीने मी शत्रूही नव्हतो आणि मित्रही नव्हतो. मी सरकार होतो. ‘कुऱ्हाड घेऊन धावलास तेव्हा अंधार पडला होता ना?’ या प्रश्नात कुऱ्हाड मी किती सहजपणे त्याच्या हाती देऊ शकलो असतो! पक्षकाराचे हित पाहणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, ते मी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. ‘हाती काय होते?’ असे मी विचारले. उत्तर माझ्या पक्षकाराला सोयीचे आले नाही. मात्र साक्षीदार चुकीचे सांगतो आहे हे दाखवण्यासाठी तो खोटारडा आहे असे म्हणावे लागत नाही, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या युक्तिवादात आली. आणि न्यायाधीशांनाही ती ऐकायला कमी कडू वाटते, असा माझा अनुभव आहे.

मुले अशी, की ती शिक्षकाला पाठ्यपुस्तकात राहू देत नाहीत. ‘माझ्या मावशीच्या अंगात येते, ते सोंग असते का?’ असे एका मुलीने एका दिवशी सरळ विचारले. वर्ग स्तब्ध झाला. माळव्यात काय, कोकणात काय, हा प्रश्न देवळाच्या पायरीवर बसून विचारला जात नाही, घरी आल्यावर दबल्या आवाजात विचारला जातो. वाचकांपैकी काहींना माझे उत्तर आवडणार नाही, पण मी दिले ते असे: सोंग आणि रोग यांखेरीज तिसरी शक्यता असू शकते. माणसाचे भान पालटते, काही काळ ‘मी’ हा शब्द त्याचा राहत नाही, हे मानसशास्त्रालाही मान्य आहे. मात्र जेथे समाजाने आणि धर्माचाराने ही अवस्था स्वीकारलेली आहे, ती ठरलेल्या प्रसंगी येते व जाते आणि माणसाचे नित्याचे जीवन बिघडवीत नाही, तेथे तिला विकार म्हणू नये, असे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणच सांगते. ती नको असताना येत असेल, येऊन माणसाला पिळून काढीत असेल, तर वैद्याकडे न्यावे. देव खरोखर येतो किंवा कसे, हा प्रश्न माझ्या विषयाच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे. अधिकारक्षेत्र हा शब्द वकिलाला ऐन वेळी किती उपयोगी पडतो! मुलगी क्षणभर विचार करून म्हणाली, ‘मावशीला दुसऱ्या दिवशी बरे वाटते. एरवी घरात तिचे कुणी ऐकत नाही.’ यावर मला भर घालण्यासारखे काही उरले नव्हते.

याच तहसिलीत गौतमपुरा नावाचे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ते वसले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे जे होते ते पाहायला लोक लांबून येतात. हिंगोट म्हणजे आपले हिंगणबेट, संस्कृतातील इंगुदी, जिच्या तेलाचा उपयोग आश्रमवासी करीत असे आपण काव्यांतून वाचतो. त्याचे टणक फळ पोखरून, वाळवून, त्यात दारू ठासतात, बांबूची काडी बांधतात, आणि सायंकाळी मैदानात उभे राहून एक दल दुसऱ्यावर ते पेटते फळ फेकते. गौतमपुऱ्याचे दल तुर्रा, रुणजी गावाचे कलंगी. मराठी वाचकाला येथे शाहिरीतला कलगीतुरा आठवल्यावाचून राहणार नाही. शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले, शिव थोर म्हणणारे तुरेवाले. आपल्याकडे तो वाद डफावर झाला, येथे दारूवर होतो. योद्धे आधी देवनारायणाच्या मंदिरात माथा टेकतात. हार नाही, जीत नाही. दरसाल माणसे भाजतात, आणि २०१७ साली तर एक तरुण दगावला.

माझ्या वर्गात दोन्ही गावांची मुले होती. समूहाचे मानसशास्त्र हा पाठ मला शिकवावा लागलाच नाही, त्यांनीच मला शिकवला. मी त्यांना मुझफर शेरीफ यांचा १९५४ सालचा प्रयोग सांगितला. ओक्लाहोमातील एका वनात सुमारे अकरा वर्षांची बावीस मुले शिबिराला नेली, त्यांचे दोन गट केले. प्रथम एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. एकाने आपले नाव गरुड ठेवले, दुसऱ्याने खुळखुळ्या साप. मग सामने लावले, बक्षिसे ठेवली. थोड्याच दिवसांत निशाणे जाळणे, रात्री दुसऱ्याच्या खोलीवर हल्ला करणे, येथवर मजल गेली. नंतर शिबिराचे पाणी बंद पाडले, ट्रक बंद पाडला. दोन्ही गटांना मिळूनच ओढावा लागेल अशी व्यवस्था केली. ज्या दोराने रस्सीखेच केली होती त्याच दोराने त्यांनी तो ट्रक ओढला. नुसत्या एकत्र जेवणाने जे साधले नव्हते ते अशा कामांनी साधत गेले. पुढे हेन्री ताय्फेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले, की सामनेसुद्धा लागत नाहीत. तुला अमक्या चित्रकाराची चित्रे अधिक आवडली एवढे सांगून गट पाडले, तरी मुले आपल्या गटाला अधिक पैसे वाटून देतात. ज्याचे आप्तेष्ट नात्झींच्या संहारात गेले त्या माणसाला हा प्रश्न का छळीत असेल, हे मुलांना समजावून सांगावे लागले नाही.

रुणजीचा एक मुलगा, ज्याचे काका दरसाल मैदानात उतरतात, म्हणाला, ‘सकाळी कुणाचाच राग नसतो. काकांची सासुरवाडीच गौतमपुऱ्याची आहे. टिळा लावला आणि ढाल हातात घेतली, की मग राग येतो.’ गौतमपुऱ्याची मुलगी तत्काळ म्हणाली, ‘आणि दुसऱ्या दिवशी तेच काका मलम आणायला आमच्या घरी येतात.’ जेम्ससाहेबांना हे दोन साक्षीदार मिळाले असते, तर त्यांच्या निबंधाची चार पाने वाचली असती असे मला वाटते. मात्र हा प्रकार बंद व्हावा की राहावा, यावर वर्गात जो वाद झाला त्यात कुणीही आपले मत बदलले नाही. मी स्वतः, हेल्मेट आणि अंतर यांच्या सक्तीच्या बाजूचा आहे; परंपरेला सुरक्षिततेचे वावडे असावे असे काही शास्त्रात लिहिलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मी खरोखर लिहीत आहे तिच्याकडे येतो.

देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेण्याची आपल्याकडील रीत वाचकांस सांगायला नको. माझी आजी लहानपणी कवळ्याला शांतादुर्गेपुढे पाहिलेले कौल वर्णन करून सांगे. तिच्या सांगण्यात उजवी पाकळी पडली की डावी, याला फारसे महत्त्व नसे. माणूस आधी भटजींना आपले गाऱ्हाणे सांगतो, भटजी ते देवीला मोठ्याने सांगतात, आणि इतके दिवस जे घरात कुणी उच्चारले नव्हते ते चारचौघांत उच्चारले जाते, हे तिला मोठे वाटे. हे ध्यानात ठेवून मी वर्गात एक लाकडी पेटी ठेवली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी. मी पुढच्या तासाला उत्तर देईन. पहिल्याच दिवशी एक अटही सांगितली. पक्षकार वकिलापाशी जे बोलतो त्याला कायद्याचे संरक्षण आहे. येथे मी वकील नाही, तरी तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका आहे असे मला दिसले तर मी गप्प बसणार नाही.

महिनाभर हस्ताक्षर कसे सुधारावे, स्वप्ने का पडतात, आणि एका विशिष्ट मुलीला सांगावे की न सांगावे, अशा चिठ्ठ्या आल्या. मग एक आली. ‘आप वकील हैं. मरने का मन करना जुर्म है क्या?’ एवढेच.

कायदा मला तोंडपाठ होता. नुसते मनात येणे हा गुन्हा कधीच नव्हता. आत्महत्येचा प्रयत्न हा मात्र १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेचा गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम १९९४ साली रद्द ठरवले आणि १९९६ साली पुन्हा वैध ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने सांगितले, की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा न देता सरकारने त्याची काळजी व उपचार पाहावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३०९ कलम उरलेलेच नाही. हे सारे मी पुढच्या तासाला सांगितले, सर्वांना उद्देशून, कुणाच्याही डोळ्यांकडे न पाहता. आणि म्हटले, की ज्याला वाटते त्याने अपराध केलेला नाही. तो दुखण्यात आहे, आणि दुखणे बरे होते. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फळ्यावर लिहिला, जेथे कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. शेवटी सांगितले, की दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी या खोलीत बसेन.

पहिल्या शुक्रवारी कुणी आले नाही. दुसऱ्या शुक्रवारी तिघे आले, परीक्षेच्या गोष्टी बोलून गेले. त्यांतला एक मुलगा पायातली चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे राहिला. (त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीने मी हे लिहीत आहे, आणि ओळख पटेल असे सर्व काही बदलले आहे.) तेव्हा माझ्यापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. दोन महिने मी या मुलांना शिकवले होते, की प्रश्नातील शब्द ऐकणाऱ्याच्या मनात काच फोडू शकतो. मग या मुलाला ‘तुझ्या मनात मरण्याचा विचार येतो काय?’ असे विचारावे कसे? न जाणो, मीच तो विचार पेरला तर? पण या बाबतीत संशोधन स्पष्ट आहे. असा थेट प्रश्न विचारल्याने विचार रुजतो याला पुरावा मिळालेला नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला हायसे वाटते. पेला सांडला काय, हा प्रश्न टेबलावर नसलेली वस्तू आणून ठेवतो. येथे वस्तू टेबलावर होतीच. सगळे जण ती नसल्यासारखे वागत होते.

मी विचारले. तो ‘हो’ म्हणाला. कधीपासून, काही ठरवले आहे काय, हेही विचारले. ठरवलेले काही नव्हते. अर्धवार्षिक परीक्षेतील गुण, पावसात भिजलेले सोयाबीन, थोरल्या भावाच्या इंदुरातील शिकवणीचा खर्च, आणि त्या खर्चात आपण आणखी एक ओझे, असा त्याचा हिशेब होता. ‘घरी सांगणार का?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला पहिल्या दिवशीची अट आठवण करून दिली, आणि आपण दोघे मिळून सांगू म्हटले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. नंतर म्हणाला, ‘बाबांना नको. आईला.’

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो. आईने सगळे ऐकून घेतले, उठून आत गेली, चहा टाकला. कप माझ्यापुढे ठेवून मगच बोलली. दसऱ्यापासून हा अर्धी भाकरी टाकतो, रात्री जागा असतो, हे तिला दिसत होते. पण विचारायचे काय आणि कोणत्या शब्दांत, हे तिला सुचत नव्हते. विचारले तर नको ते तोंडातून निघेल आणि खरे होईल, अशी तिला भीती. माझ्या पुस्तकात या भीतीला नाव नाही. वडिलांना तिनेच सांगितले, कसे ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन इंदूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले, आणि पुढेही जात राहिले. मध्यंतरी दोनदा मुलाने औषधे सोडली, पुन्हा सुरू केली. मी शिक्षक होतो, वैद्य नव्हतो, आणि ही मर्यादा मी काटेकोरपणे पाळली. तो बारावी उतरला. गुण सामान्य आहेत. सध्या तो वडिलांबरोबर शेत पाहतो आणि बाहेरून पदवीचा अभ्यास करतो.

मानसशास्त्राची ओळख करून घेतल्याने शाळकरी मुले सुखी होतात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुष्कळांनी तो विषय गुण सोपे मिळतात अशा समजुतीने घेतला आणि त्यांची निराशा झाली. एबिंगहाउस याने १८८५ साली निरर्थक अक्षरे पाठ करून काढलेली विस्मरणाची वक्ररेषा माझ्या मुलांनी परीक्षेनंतर आठ दिवसांत स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध करून दाखवली. ‘संवेग’ आणि ‘अभिप्रेरणा’ यांच्या व्याख्या कुणालाही आठवत नाहीत. हजेरीपत्रकावर सांडलेला चहा मात्र सर्वांना आठवतो; आणि तो सांडलाच नव्हता हे ज्यांना आठवते ते थोडे.

यंदा नवी अडचण आहे. किमान पंधरा विद्यार्थी नसतील तर हा विषय ठेवता येणार नाही, असे विद्यालयाचे म्हणणे आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. काल विचारपूस केली तेव्हा बारा अर्ज आलेले होते. त्यांपैकी दोन त्या मावशीवाल्या मुलीने आपल्या चुलत बहिणींचे स्वतः भरून आणले होते. लिपिक म्हणाले, शनिवारपर्यंत थांबतो. पेटी मी तूर्त त्यांच्याच कपाटात ठेवून आलो आहे. ती त्यांनी कपाटात ‘ठेवली’ असेच मी लिहितो, कारण मी समोर होतो. पण दार लावताना आवाज बराच मोठा झाला.